तीन ओळींची जागा

रोह्यापलीकडच्या अष्टमी गावच्या बाजारात, पुलावरून उतरलं की उजव्या हाताला, एका मोबाइलच्या दुकानाला खेटून ‘जिकरा ग्राफिक्स’ नावाची एक खोली आहे. लग्नपत्रिका, उरुसाचे बॅनर, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फलक, आणि कोणी गेलं तर भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं तिथे तयार होतं. मालकाचं नाव इलियास डबीर. साठीला टेकलेला, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं, कामाला चिकट. बॅनरवाले रोह्यात आणि अष्टमीत मिळून पैशाला पासरी. पण ज्याला पानं असतात असं काही छापायचं असलं, म्हणजे स्मरणिका, अहवाल, शाळेचा अंक, तर माणसं झक मारत इलियासकडे यायची. कारण हा माणूस सतरा वर्षं शारजाच्या एका छापखान्यात पानं लावत होता, एका बाजूने इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूने अरबी.

त्याचा एक नेम होता. मजकूर गिऱ्हाइकाचा, जागा आपली. गिऱ्हाइकाने आपल्याच सासऱ्याचं नाव चुकीचं लिहून आणलं तरी इलियास विचारल्याशिवाय एक काना बदलत नसे. कितीही मजकूर येवो, तो पानात बसवायचा आणि एक शब्द गाळायचा नाही, यातच कारागिराची अब्रू, असं तो म्हणायचा. सगळ्या आयुष्यात त्याने हा नेम एकदाच मोडला. ही गोष्ट त्या एका वेळेची आहे.

दुकानावर मुलीचं नाव बघून नवखं गिऱ्हाईक म्हणायचं, “चाचा, पोरीवर लय जीव हाय तुमचा.” इलियास मान हलवायचा. जीव होता, खोटं नाही. पण ती पोर त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर पोलादी पट्टी घेऊन पत्रिका कापत बसलेली असायची, आणि बापलेकीत दिवसभरात दहा-बारा खुणांपलीकडे काही जात-येत नसे. जेव. चहा. कुलूप लाव. लाइट गेली. गिऱ्हाईक आलं. जिकराला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आता ती पंचवीस वर्षांची होती.

सहा वर्षांची असताना तिच्या आईने, हाजराने, तिला पेणच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं. बाजारात सगळे तिला ‘मुक्यांची शाळा’ म्हणत, आणि हाजरा प्रत्येकाला थांबवून सांगायची की पोरं मुकी नाहीत, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही. तिला ती येत होती. दर शनिवारी एसटीने नागोठणं, वडखळ करत ती पेणला जायची, पोरींमध्ये बसायची, आणि परतताना चार नव्या खुणा पदरात बांधून आणायची. इलियास त्या सगळ्या वर्षांत शारजाला. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांची रजा. त्या चाळीस दिवसांत लेक हातांनी काहीबाही सांगायची, हाजरा ते तोंडाने सांगायची, आणि इलियास हसून म्हणायचा, “बरं बरं.” बायको मध्ये उभी होती तोवर त्याला वाटत होतं की आपण मुलीशी बोलतो.

सहा वर्षांपूर्वी हाजरा मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली. इलियास तिसऱ्या दिवशी पोचला. तो मग परत गेलाच नाही, दुकान टाकलं, पाटीवर मुलीचं नाव लिहिलं, आणि ठरवलं की आता खुणा शिकायच्या. आज शिकू, उद्या शिकू. अरबी अक्षरं केसाच्या अंतराने सरकवणारी त्याची बोटं मुलीसमोर मात्र लाकडाची व्हायची. चुकलं की ती हसेल, ही साठ वर्षांच्या माणसाला भीती. मग राहिलंच.

एक गोष्ट मात्र त्याला सलत होती. जिकरा संध्याकाळी मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. तेव्हा तिचे हात असे चालायचे की बघणाऱ्याला दम लागावा. बोलता बोलता ती मूठ वळायची, ती खांद्याच्या मागून खाली ओढायची, आणि त्याच वेळी तिची नजर क्षणभर बापाकडे यायची. इलियासने ताडलं की ती आपल्याबद्दल बोलते, आणि ती मूठ म्हणजे आपण. पण त्या मुठीत काय आहे? दोनदा त्याने तशीच मूठ करून भुवया उडवल्या, म्हणजे हे काय? दोन्ही वेळा तिने हात झटकला, म्हणजे काही नाही. लेक आपल्याला काय म्हणते एवढंही बापाला माहीत नसावं, याची त्याला मनातून फार लाज वाटायची.

दिवाळी झाल्यावर पेणहून पूजा मॅडम आल्या. त्या शाळेत पंधरा वर्षं शिकवत होत्या, जिकरा त्यांच्या हाताखालून गेलेली. आल्या आल्या त्या आधी जिकराशी बोलल्या. बराच वेळ दोघींचे हात चालू होते. मग त्या इलियासकडे वळल्या.

“शाळेला पंचवीस वर्षं होतायत, चाचा. ह्या वेळचा वार्षिक अंक साधा नको. तुम्हीच करायचा.”

“करू. पण जिकराशी एवढं काय बोललात?”

“आमच्या हौसाबाई आता थकल्यात. वसतिगृहात मुलींजवळ राहायला कोणी पाहिजे. मी हिला विचारत होते.”

“मग?”

“नाय म्हणते. घरी अब्बा एकटे आहेत म्हणते.”

इलियास पट्टी उचलून परत होती तिथे ठेवत राहिला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

अंकात एक मोठा विभाग असणार होता, आमची नावं. मॅडमनी समजावलं. घरचे ठेवतात ते नाव ह्या मुलांना ऐकू येत नाही, मग त्याचा त्यांना उपयोग काय? म्हणून वसतिगृहात आल्या आल्या मुलं नव्या मुलाला खुणेचं नाव देतात. कोणाच्या दिसण्यावरून, कोणाच्या खोडीवरून. तेच त्याचं खरं नाव, जन्मभर पुरणारं. आणि मुलं आपल्या घरच्यांनाही अशी नावं देतात. पंचवीस वर्षांतल्या सगळ्यांची नावं फोटोसकट छापायची होती, खूण कशी करायची आणि ती का पडली, दोन-तीन ओळींत. माजी विद्यार्थी व्हिडिओवर सांगणार, मॅडम ते मराठीत लिहून पाठवणार.

“घरच्यांची पण?” इलियासने विचारलं.

“व्हय, घरच्यांची पण.”

तेव्हापासून तो वाट बघायला लागला. त्या मुठीत काय आहे ते आता कागदावर लिहून येणार होतं.

मजकूर थोडाथोडा येऊ लागला आणि काम सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात एक भानगड झाली. शारजाला इलियासला एक सवय लागली होती. तिकडे तोच फोटो इंग्रजी पानावर एका बाजूला आणि अरबी पानावर दुसऱ्या बाजूला बसतो, आणि चेहरा नेहमी पानाच्या आत बघायला हवा, बाहेर नाही. बाहेर बघत असला तर फोटो सरळ उलटा करायचा, आरशात बघितल्यासारखा. कोणाला कळतही नाही. इथेही त्याचा हात न विचारता ते करत गेला. मिथुन नावाचा मुलगा होता, आता पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. तो पानाच्या बाहेर बघत होता, म्हणून इलियासने त्याला आत वळवला आणि प्रिंट काढून कापायला जिकराकडे दिली.

जिकराने ती बघितली आणि टेबलावर धाडकन हात आपटला. इलियास दचकला. ती फोटोवर बोट आपटत होती, मग स्वतःच्या भुवईवर, मग पुन्हा फोटोवर. त्याला काही कळेना. शेवटी तिने उठून त्याचा हात धरला, त्याचं बोट आपल्या उजव्या भुवईवर टेकवलं आणि तिथेच दाबून ठेवलं. मग मजकुराकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं, मिथुन, तर्जनी उजव्या भुवईवर, पहिल्याच दिवशी खाटेवरून पडला त्याचा व्रण. फोटो उलटा केल्यामुळे व्रण भलत्याच भुवईवर गेला होता. म्हणजे मिथुनचा मिथुन राहिला नव्हता.

इलियासने कपाळाला हात लावला. फोटो सरळ केला. मिथुन पुन्हा पानाच्या बाहेर बघायला लागला. “बघू दे बाहेर,” इलियास मोठ्याने म्हणाला, आणि बघितलं तर जिकरा हसत होती. त्याला नाही, त्याच्यासोबत. आई गेल्यापासून ती अशी हसलेली त्याने बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवली.

पुढचे दहा-बारा दिवस ‘जिकरा ग्राफिक्स’मध्ये जे चाललं होतं ते बघायला हाजरा हवी होती. पान उघडायचं, जिकरा आधी खूण करून दाखवायची, इलियास करायचा, ती त्याची बोटं नीट करायची, मग पान लागायचं. किमया, गालावर बोट रुतवायचं, खळी. ऋत्विक, पोटावर हात चोळायचा, सारखी भूक. पूजा मॅडम, अंबाड्यात पेन खोचायचं. हौसाबाई, चिमटीने मीठ पेरायचं, कारण त्या मिठागरावरच्या आणि त्यांच्या आमटीत मीठ नेहमी हात सोडून. आणि एके दिवशी हाजरा आली. पदराचं टोक धरून समोरच्याचं तोंड पुसायचं. ती शनिवारी यायची तेव्हा जिकराचंच नाही, समोर दिसेल त्या पोरीचं तोंड पुसायची, म्हणून सगळ्या वसतिगृहात तिचं तेच नाव. इलियासने खूण केली, आणि चष्मा काढून पुसत बसला. जिकराने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता ह्या माणसाचं नशीब इथेच थांबलं असतं तर काय बिघडत होतं?

हाजराची ओळ होती ती जिकराच्या पानाची. पानाचा बाकीचा मजकूर मॅडम नंतर पाठवणार होत्या. जिकराने त्याला सांगितलं, आणि ते त्याला बोटाबोटाने कळलं, की हे पान मी आता बघणार नाही. डोळ्यांवर दोन्ही तळवे. छापून आलं की बघणार. तू कर. आणि तिने आपल्या तळव्याने त्याच्या छातीवर हलकेच थापटलं.

दोन दिवसांनी, दुपारी, ती रोह्यात किमयाकडे गेली असताना शेजारचा मोबाइलवाला फैजल आपल्या भाच्याच्या वाढदिवसाचा बॅनर न्यायला आला. कुवेतला पाच वर्षं काढून आलेला, तोंडाला लगाम नसलेला माणूस. स्क्रीनवर घरच्यांच्या नावांची पानं उघडी होती. फैजलने चष्मा नसताना डोळे बारीक करून वाचायला सुरुवात केली.

“ह्याच्या बापाचं नाव मिशी! ही बघा, आजीचं नाव तंबाखू. आणि हा काका म्हणजे ढेकर! या अल्ला! चाचा, हे छापून गावभर वाटणार?”

“छापणार.”

“मग तुमचं काय ठेवलंय पोरीने?”

“आलं नाय अजून.”

“आलं की सांगा. मशिदीत जाहीर करू.” फैजल हसत बॅनर काखेत मारून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण काटा रुतवायला मनात काही असावंच लागतं असं नाही.

तो गेला आणि तासाभरात मॅडमचा मजकूर आला. इलियासने तो उघडला. वर जिकराचं स्वतःचं नाव होतं, मूठ गालाखाली टेकवायची, शनिवारी ती अशीच खिडकीत बसून आईची वाट बघायची. खाली हाजरा. आणि त्याखाली तीन ओळी.

‘माझ्या अब्बांचं नाव. मूठ वळायची आणि बॅगेचं हँडल धरून ओढत न्यायचं, मागे बघायचं नाही. बॅग आली की अब्बा येत, बॅग गेली की अब्बा जात. लहानपणी मला वाटायचं बॅगच त्यांना आणते, म्हणून मी आधी बॅगेला सलाम करायची.’

इलियासने ते पुन्हा वाचलं. त्याने मनात काय काय धरलं होतं. चष्मा असेल. दाढी असेल. बापाला म्हणतात तसं काहीतरी थोर असेल, निदान उंच. त्या ओळींत राग नव्हता, हेच वाईट होतं. शिवी असती तर त्याने पचवली असती, शिवीला उत्तर तरी असतं. हे नुसतं खरं होतं. एका लहान पोरीने जे बघितलं ते हाताने सांगितलं होतं, आणि मोठी झाल्यावरही तिला ते बदलावंसं वाटलं नव्हतं. सहा वर्षं तो बॅग न घेता तिच्यासोबत राहत होता, तरी तो बॅगच होता.

त्याने मजकूर पानात टाकला. मजकूर केसभर जास्त झाला. खरंच झाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. फोटो मोठा घेतला होता, वर हाजराची ओळ लांबली होती. दुसऱ्या कोणाचं पान असतं तर त्याने फोटो सुताभर कापला असता, अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान केलं असतं, चार वेळा खटपट करून शब्दन् शब्द बसवला असता. ते पाच मिनिटांचं काम होतं. तो पानाकडे बघत राहिला. भिंतीपलीकडून फैजल कोणाला तरी रिंगटोन ऐकवत होता. मग इलियासने त्या तीन ओळी निवडल्या आणि पुसल्या.

पुसल्यावर भलतंच झालं. खाली जागा उरली, तीन ओळींचीच. मोकळी जागा डोळ्यांत भरत होती. त्याने तिथे एक वेलबुट्टी टाकली, लग्नपत्रिकेत टाकतात तसली, मधे फूल आणि दोन्ही बाजूंना पानं. पान छान दिसायला लागलं. कारागिराचा हात चुकीचं कामही गोंडस करून सोडतो.

जिकरा परत आली तेव्हा तिने भुवया उडवून विचारलं, माझं पान झालं? त्याने मान हलवली. झालं. ती खुशीत चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडीने पेणला जाऊन छापखान्यात पेनड्राइव्ह देऊन आला. वाटेत कासू स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली होती. तेवढ्यात फोन करून काम थांबवता आलं असतं, असं त्याला नंतर फार वेळा वाटलं.

जानेवारीत शाळेच्या पटांगणात मांडव घालून कार्यक्रम झाला. जिकरा नवा कोरा पोपटी ड्रेस घालून आली होती, तिच्या वेळच्या सगळ्या मुली आल्या होत्या, आणि मांडवात कसला आवाज नव्हता पण गलका असा की डोळे दिपावेत. हौसाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ज्याला त्याला त्या चिमटीने मीठ पेरून दाखवत होत्या आणि स्वतःच खो खो हसत होत्या. अंकाचं प्रकाशन झालं, प्रती वाटल्या गेल्या. मग मॅडमनी इलियासला मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ. मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्याकडे टाळ्या अशाच असतात. शेदीडशे हात हवेत फडफडत होते. इलियास शाल सावरत त्यांत आपल्या लेकीचे हात शोधत होता.

तिचे हात वर नव्हते. ती अंक उघडून बसली होती. किमया आणि आणखी दोघी तिच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. तिचं बोट पानावरून खाली आलं, थांबलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. तिने पान उलटून पुढचं बघितलं. मग तिने मंचाकडे बघितलं.

खाली उतरल्यावर पूजा मॅडमच अंक घेऊन समोर आल्या, जिकरा त्यांच्या मागे.

“चाचा, हिच्या पानावरच्या तीन ओळी सुटल्यात. तुमच्या नावाच्या.”

“जागा नव्हती,” इलियास म्हणाला.

मॅडमनी ते हातांनी जिकराला सांगितलं. दोन तळवे जवळ आणले आणि बोटं झटकली. जागा नाही. इलियासने आपलं खोटं पहिल्यांदाच लेकीच्या भाषेत बघितलं, आणि नेमकं ते त्याला लगेच कळलं.

जिकराने अंक हातात घेतला. वेलबुट्टीच्या वर अंगठा आणि खाली पहिलं बोट ठेवलं, जसं ती दुकानात कापायच्या आधी माप घेते. मग ते माप न हलवता वर नेलं आणि मजकुरावर ठेवलं. बरोबर तीन ओळी. तिने ते बापाला नीट दिसेल असं धरलं. सहा वर्षं त्यानेच तिला शिकवलं होतं की माप डोळ्याने घ्यायचं नाही, हाताने घ्यायचं.

“सांगा तिला,” इलियास मॅडमना म्हणाला, “लोक हसले असते.”

मॅडमनी सांगितलं. जिकराने थोडक्यात उत्तर दिलं.

“काय म्हणाली?”

“म्हणते, कोणी हसलं नसतं. इथे सगळ्यांना ते नाव आधीपासून माहीत आहे.”

परतीच्या गाडीत ती समोरच्या खिडकीत बसली, मूठ गालाखाली टेकवून. रोहा येईपर्यंत ती आपलंच नाव घेऊन बसली होती.

घरी आल्यावर भांडण झालं असतं तर बरं होतं. ती पहिल्यासारखी दुकानात येत राहिली, पत्रिका कापत राहिली, चहा ठेवत राहिली. खुर्ची तेवढी तिने आपल्या कोपऱ्यात परत नेली. इलियास शिकलेल्या खुणा करून बघायचा, चुकतमाकत, तीही उत्तर द्यायची, जेवढ्यास तेवढं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू झाला की तो कामाचं सोंग करून तिरप्या नजरेने बघायचा. ती मूठ आता येत नव्हती. एकदा स्क्रीनवर किमयाने ती केली, मूठ वळून मागून ओढली. जिकराने मान हलवली आणि बोटाने पुसल्यासारखं केलं. किमया थांबली. मग तो विषय दोघींनी नावाशिवायच पुरा केला.

तेव्हा इलियासला कळलं की आपण काय पुसलं. कसंही होतं तरी ते नाव होतं. वीस वर्षं ती पोर ते हातात घेऊन फिरली होती. तो शारजाला होता तेव्हाही पेणच्या वसतिगृहात दिवसातून कधीतरी त्याचं नाव निघत होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते कळत होतं. ज्या बापाला लेक विसरलीच असती त्याला तिने नाव कशाला दिलं असतं? एवढी साधी गोष्ट, पण ती त्याला उशिरा सुचली.

फेब्रुवारीत तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर ठेवलं. ‘पेण वसतिगृह मी काम जाते. सोमवार.’ इलियासने वाचलं आणि होकार दिला. नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

रविवारी त्याने माळ्यावरून शारजाची बॅग खाली काढली. चाकं फिरवून बघितली, ओल्या फडक्याने पुसली, आणि तिच्या कपड्यांपाशी नेऊन ठेवली. घरात दुसरी बॅग नव्हती. जिकराने ती बघितली. मग आतून दोन कापडी पिशव्या आणल्या आणि कपडे त्यांत भरले, दाबून दाबून. बॅग होती तिथेच राहिली.

सकाळी रोहा स्टेशनवर गाडी लागलेली होती. पिशव्या तिने त्याला उचलू दिल्या नाहीत. डब्याच्या दारापाशी ती थांबली, त्याला सलाम करून वळली, तेव्हा इलियासने तिला हाताने थांबवलं. त्याने मूठ वळली. खांद्याच्या मागे नेली आणि ओढली, अगदी नीट, ती करायची तशी. मग तीच मूठ स्वतःच्या छातीवर ठेवली. मी. हे माझं नाव. त्याचा चष्मा ओला झाला होता आणि फलाटावरची माणसं बघत होती, पण आज त्याला माणसांचं काही नव्हतं.

जिकरा बघत राहिली. मग तिने त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. एकेक बोट उलगडलं, लहान मुलाच्या हातातून खडा काढून घ्यावा तसं, सगळी बोटं सरळ झाल्यावर तो हात त्याच्या बाजूला खाली सोडला, आणि ती गाडीत चढली.

दुकान चालू आहे. पाटीवर नाव तेच आहे. अंकाच्या राहिलेल्या प्रती कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत, जिकराच्या पट्टीखाली. इलियासने एका प्रतीत त्या वेलबुट्टीवर कागदाची पट्टी चिकटवून तीन ओळी परत छापल्या, पण ती कोणाला द्यायची हे त्याला समजलं नाही.

दर रविवारी पूजा मॅडमचा फोन येतो. जिकरा बरी आहे, मुली तिला सोडत नाहीत, दिसेल त्या पोरीचं तोंड पुसत फिरते. ह्या रविवारी मॅडम म्हणाल्या, “चाचा, ती विचारतेय, जेवण वेळेवर होतं ना?”

“कोणाचं?” इलियासने विचारलं.

“तुमचं हो, अजून कोणाचं.”

“तसं नाय मॅडम. तिने विचारलं ना, तेव्हा हाताने काय केलं? माझ्यासाठी कुठली खूण केली?”

पलीकडे वसतिगृहात ताटं वाजत होती.

“खूण नाय केली, चाचा. रोह्याकडे नुसतं बोट केलं.”

“बरं,” इलियास म्हणाला. “सांगा, जेवतात.”